कोरड्या मोज्यांचा जोड

धाकट्याने पुण्याहून येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तक आणलं. नाव 'अप फ्रंट', छापलं १९४५ साली, चित्रं आणि मजकूर बिल मॉल्डिन नावाच्या अमेरिकन सार्जंटचा. सासूबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं आणि विचारलं, "आपल्या घरात लढाईचं पुस्तक कशाला गं?" त्यांचं बरोबरच होतं. पण आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, मग रात्री वेळच वेळ. मी ते चाळायला घेतलं आणि एका चित्रावर थांबले.

दोन शिपाई बसलेत. दाढीचे खुंट वाढलेले, डोळ्यांखाली काळं, कपडे चिखलाने माखलेले. एक दुसऱ्याला सांगतोय, की काल तू माझा जीव वाचवलास, त्याची फेड करायचं मी ठरवलं होतं, तर हा घे, माझ्याजवळचा शेवटचा कोरडा मोज्यांचा जोड.

मला आधी हसू आलं. मग आमच्या धूलकोटचे एक बाबा आठवले. त्यांच्याकडे मी शेवटी येते. आधी या मॉल्डिनची गोष्ट.

त्याचा जन्म १९२१चा, न्यू मेक्सिको राज्यातल्या माउंटन पार्क या खेड्यातला. लहानपणी मुडदूस झालेला, त्यामुळे अंगाने किरकोळ. दांडगाई जमेना म्हणून पोरगा चित्रं काढत बसे. पुढे शिकागोच्या कलाशाळेत वर्षभर शिकला, तेही आजीने उसने पैसे दिले म्हणून. (नातवाच्या चित्रांवर पैसे लावणारी आजी! ही बाई मला फार आवडली.) १९४० साली सैन्यात भरती झाला आणि ४५व्या डिव्हिजनबरोबर जुलै १९४३मध्ये सिसिलीत उतरला. तिथून इटली. आधी तो डिव्हिजनच्या छोट्या वर्तमानपत्रात चित्रं काढायचा, १९४४पासून सैनिकांच्याच 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या मोठ्या दैनिकात. त्याला एक जीप मिळाली होती. आघाडीवर जायचं, शिपायांत बसायचं, ऐकायचं, मागे येऊन चित्रं करायची, असा क्रम. इटलीतच उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा त्याच्या खांद्याला लागला. घरात बसून युद्ध रंगवणारे तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत. हा त्यांच्यातला नव्हता.

त्याचे दोन नायक, विली आणि जो. नायक म्हणायचं ते आपलं रीत म्हणून, कारण ते काही पराक्रम करताना क्वचितच दिसतात. ते भिजतात, कुडकुडतात, खड्डे खणतात, झोप आली की असतील तिथे आडवे होतात. एका चित्रात वैद्यकीय मदतनीस पदक देऊ करतोय आणि विली म्हणतो, पदक एक आहे माझ्याकडे, डोकेदुखीची गोळी तेवढी द्या. दुसऱ्यात म्हातारा घोडदळवाला सार्जंट मोडलेल्या जीपला पिस्तुलाने गोळी घालतोय. पाय मोडलेल्या घोड्याला घालतात तशी, तोंड फिरवून, डोळ्यांवर हात धरून. एकात दोन साहेब डोंगरावरून सूर्यास्त पाहतायत आणि विचारतायत, शिपायांसाठी असा वेगळा देखावा आहे का हो?

हे साहेबांना रुचणार कसं? जनरल पॅटन हा मोठा शिस्तीचा. आघाडीवरच्या माणसानेही दाढी करावी, गळ्यात टाय हवा, अशी त्याची तऱ्हा. मार्च १९४५मध्ये त्याने या सार्जंटला समोर बोलावून चांगलं फैलावर घेतलं, की तू माझ्या सैनिकांना भणंग करून दाखवतोस. पोरगा तेव्हा २३ वर्षांचा. ऐकून घेतलं, सलाम ठोकला, परत येऊन पुन्हा तशीच चित्रं काढायला बसला. वरचे सरसेनापती आयसेनहॉवर यांनी त्याला आडवं जायचं नाही असं ठरवलेलं होतं, म्हणून निभावलं. सत्तेत एखादा तरी समजूतदार वर बसलेला असावा लागतो.

ज्या चित्राला त्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं ते मी बराच वेळ पाहिलं. पाऊस पडतोय. अमेरिकन शिपाई जर्मन कैद्यांना घेऊन चाललेत. खाली वर्तमानपत्री थाटाची ओळ आहे: आपले ताजेतवाने विजयी जवान, आणि शत्रूचे भुकेले, फाटके, थकलेले कैदी, अशा आशयाची. पण चित्रात जिंकलेला कुठला आणि हरलेला कुठला, पटकन ओळखूच येत नाही. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे पाय सारखेच जड.

आपल्यात हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. यातली संकल्पी तर श्रावकाने सोडायचीच, पण अंगावर आलेल्याला अडवताना होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे महाराजांच्या प्रवचनात आपण सगळ्यांनी ऐकलंय. मॉल्डिनला अहिंसावादी म्हटलं तर ते खोटं होईल. तो बंदूकधारी सैन्यातला होता आणि हिटलरला हरवायलाच हवं असं मानत होता. पण मारण्याचा आनंद त्याच्या चित्रात मला सापडला नाही. त्याने शत्रूला राक्षस करून काढलं नाही. हे रणांगणावर बसून साधणं किती अवघड असेल! इथे साध्या भाऊबंदकीत आपण दुसऱ्याला राक्षस करून टाकतो.

ही चित्रं पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतही येऊ लागली. म्हणजे सैनिकांच्या बायका-आया सकाळी ती पाहत असणार. पत्रं सेन्सॉर होऊन यायची, त्यात "मी ठीक आहे" याशिवाय काय असणार? पण चित्रात पाय ओले दिसत होते.

इटलीच्या मधोमध डोंगरांची लांब ओळ आहे. अमेरिकन फौजा मुख्यतः तिच्या पश्चिमेला लढल्या, ब्रिटिशांची आठवी सेना बहुतेक करून पूर्वेला. आणि त्या आठव्या सेनेत आपली माणसं होती. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन, सुमारे ५० हजार सैनिक. कॅसिनोच्या लढाईतही ते होते. साडेपाच हजारांहून जास्त तिथेच राहिले. मराठा पलटणी यात होत्या. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, वय अवघं २२. १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांची सगळी तुकडी मशिनगनपुढे पडली, तरी ते एकटे त्या गनवर चालून गेले, तिची जागा घेतली आणि तिथेच गोळी लागून गेले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनियो नदीच्या काठी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणलं. मग स्वतः हाताला जखम असताना मशिनगनच्या तीन जागा बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॉन्तोने गावात घाडग्यांच्या नावाने २०२३ साली एक सूर्यघडी उभारली आहे.

एकच देश, एकच हिवाळा, एकच चिखल. पदकाच्या मानपत्रात नदी येते, तारीख येते, किती गन बंद पाडल्या तेही येतं. पण नामदेवराव पाण्यातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या बुटात किती पाणी होतं, आदल्या रात्री ते काय खाऊन झोपले, सोबत्याशी काय चेष्टा करत होते, हे मानपत्रात येत नाही. ते टिपायला पलटणीतलाच कुणीतरी, हातात पेन्सिल घेतलेला लागतो. विली आणि जो कुठेच नव्हते, ते कागदावरचे. तरी त्यांचे मोजे साऱ्या जगाला ठाऊक आहेत.

मॉल्डिनचं पुढचं आयुष्य सरळ गेलं नाही. युद्ध संपताना विली आणि जोला शेवटच्या दिवशी मारून टाकायचं त्याच्या मनात होतं. संपादकांनी अडवलं. घरी परतल्यावर त्याने वर्णद्वेषावर, जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबण्यावर चित्रं काढली, तर वर्तमानपत्रं त्याला सोडू लागली. नंतर १९५९मध्ये दुसरं पुलित्झर मिळालं. १९६३ला केनेडींची हत्या झाली तेव्हा त्याने लिंकनचा पुतळा हातांत तोंड लपवून रडताना काढला. तुमच्या नातवंडांना स्नूपी कुत्रा माहीत असेल. त्याचा कर्ता चार्ल्स शुल्झ हाही त्या युद्धातला सैनिक. त्याचा स्नूपी माजी सैनिक दिनाला बिल मॉल्डिनच्या घरी जायला निघतो, ते याच मॉल्डिनच्या.

शेवटी स्मृतिभ्रंश झाला. शुश्रूषागृहात पडून होता, तेव्हा म्हातारे सैनिक भेटायला येऊ लागले आणि १० हजारांवर पत्रं आली. जानेवारी २००३मध्ये तो गेला.

आता आमचे बाबा. मी लग्न होऊन धूलकोटला आले तेव्हा सासऱ्यांच्या किराणा दुकानावर ते चहापत्ती आणि गूळ न्यायला यायचे. नगरकडचे, मराठा पलटणीतले पेन्शनर, इथे लेकीकडे राहायला आलेले. निमाडातला मे महिना तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हातही बाबांच्या पायात स्वच्छ मोजे असायचे, वर चपला. गल्लीतली पोरं हसायची. मीही हसले आहे, पदर तोंडाला लावून.

ते इटलीला जाऊन आलेत हे कळल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही तिकडे माणूस मारला का हो?" जैनाच्या सुनेला दुसरं काय सुचणार!

ते गुळाची पुडी बांधत होते. म्हणाले, "सूनबाई, समदे हेच इचारत्यात. पायाचं कुनी इचारत न्हाई."

मला वाटलं, म्हातारे विषय टाळतायत. आत दूध उतू चाललं होतं, मी उठून गेले. पुन्हा विचारलंच नाही, आणि दोन-तीन वर्षांत ते गेले. त्यांच्या लेकीचं अंगण आमच्या माडीवरून दिसतं. तिथे दोरीवर मोज्यांचे कायम दोन जोड वाळत असायचे, एक पायात. चिमटे लावून, टाचा वर करून.