प्रेम, मैत्री आणि पिस्तूल

टेरी मूर यांच्या ‘स्ट्रेंजर्स इन पॅरडाइज’ या चित्रकादंबरी-मालिकेचा पहिला अंक १९९३ साली अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातून निघाला. ह्यूस्टन शहरात राहणाऱ्या फ्रॅन्सीन आणि कॅचू या दोन जिवलग मैत्रिणी, त्यांच्यात येऊन पडलेला डेव्हिड नावाचा सालस तरुण, आणि या तिघांच्या मागे लागलेली एक गुन्हेगारी टोळी, असा तिचा एकंदर पसारा. कॅचूचं फ्रॅन्सीनवर प्रेम, डेव्हिडचं कॅचूवर, आणि फ्रॅन्सीनला स्वतःचंच मन कळत नाही. आज हे मिश्रण आपल्याला स्वाभाविक वाटतं. पण त्यातले जिन्नस एका पानावर यायला जवळपास अर्धं शतक लागलं, आणि त्या वाटेवर एका सेनेट समितीची चौकशीही लागते.

आपण १९४२ पासून सुरुवात करू. त्या वर्षी लेव्ह ग्लीसन या प्रकाशकाने ‘क्राइम डझ नॉट पे’ हे मासिक बाजारात आणलं. गंमत अशी की त्याचा पहिलाच अंक बाविसावा होता. जुन्या ‘सिल्व्हर स्ट्रीक’चं नाव बदलून क्रमांक तसाच पुढे चालवला होता. चार्ल्स बिरो आणि बॉब वुड हे त्याचे संपादक. खऱ्या गुन्हेगारांच्या कथा, भरपूर रक्तपात आणि शेवटी शिक्षा, हा साचा इतका खपला की नकला करणाऱ्यांची रांग लागली. (‘गुन्हा पचत नाही’ असं महिन्यामागून महिने बजावणाऱ्या वुड यांनीच १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एका स्त्रीचा जीव घेतला आणि तुरुंगवास भोगला. एखाद्या कादंबरीकाराने हे रचलं असतं तर आपण त्याला नावं ठेवली असती.) प्रेमाचा प्रवाह पाच वर्षांनी निघाला. १९४७ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने ‘यंग रोमान्स’ काढलं. महायुद्धानंतर सुपरहिरोंचा भाव उतरला होता आणि मोठ्या मुलींना वाचण्यासारखं कॉमिक्समध्ये फारसं काही नव्हतं. तीन वर्षांच्या आत प्रेमकथांच्या मासिकांनी शंभरी ओलांडली. दोन्ही प्रवाह एकाच पेपरविक्रेत्याच्या ठेल्यावर विकले जात होते, पण एकमेकांत मिसळत नव्हते. गुन्ह्याच्या कथेत बाई असे ती बळी म्हणून किंवा टोळीवाल्याची मैत्रीण म्हणून. प्रेमकथेतली मैत्रीण बहुधा प्रियकर पळवणारी.

हे प्रवाह मिसळले १९५० मध्ये, एका पुस्तकात, आणि ते पुस्तक लोक लवकरच विसरले. ‘इट ऱ्हाइम्स विथ लस्ट’ हे त्याचं नाव. सेंट जॉन या प्रकाशनसंस्थेने ते खिशात मावेल अशा आकारात, ‘पिक्चर नॉव्हेल’ म्हणून काढलं. अर्नोल्ड ड्रेक आणि लेस्ली वॉलर यांनी ‘ड्रेक वॉलर’ या जोडनावाने ते लिहिलं होतं. खाणींच्या एका शहराची सूत्रं हातात घेऊ पाहणारी रस्ट मॅसन, तिच्या मोहात पडलेला पत्रकार हॅल वेबर आणि सत्तेसाठी चाललेली मारामारी अशी ती कथा. चित्रं मॅट बेकर यांची. कॉमिक्सच्या धंद्यात नाव कमावलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी ते एक. मोठ्यांनी वाचावी अशी सलग, पुस्तकभर लांबीची चित्रकथा हा ड्रेक-वॉलर यांचा विचार माझ्या मते काळाच्या पंचवीसेक वर्षं पुढे होता. पण त्या मालेत आणखी एकच पुस्तक निघालं आणि प्रयोग थांबला. बेकर १९५९ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेले.

१९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झालं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात हा त्याचा सूर, आणि पुराव्यादाखल छापलेल्या मुखपृष्ठांत बेकर यांनी काढलेलं ‘फँटम लेडी’चं एक होतं. सेनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. तिच्यातली कलमं मुळातून पाहण्यासारखी आहेत. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द एकटा छापायचा नाही, आणि त्याची अक्षरं नावातल्या इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठी काढायची नाहीत. प्रेमकथांनी घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य यांवर भर द्यायचा. ‘क्राइम डझ नॉट पे’ पुढच्याच वर्षी बंद पडलं. ‘यंग रोमान्स’ १९७५ पर्यंत जगलं, पण सोवळं होऊन.

मराठी वाचकाला या साऱ्या उलथापालथीची झळ लागली नाही. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्यापर्यंत आले ते वेताळ आणि मँड्रेक, आणि ते मूळचे वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांचे रहिवासी. वेताळाच्या वाट्यालाही चाचे आणि प्रेयसी डायना दोन्ही होते. फक्त १९३६ मध्ये सुरू झालेल्या कथेत वेताळ आणि डायना यांचं लग्न व्हायला १९७७ उजाडलं.

याच सुमारास अमेरिकेत विक्रीची पद्धत बदलत होती. फिल स्यूलिंग या विक्रेत्याने सत्तरीच्या दशकात कॉमिक्सच्या खास दुकानांना थेट माल पुरवायला सुरुवात केली. सवलत जास्त, पण न खपलेले अंक परत घ्यायचे नाहीत. म्हणजे किती प्रती छापायच्या हे आधीच कळू लागलं, आणि आचारसंहितेचा शिक्का नसला तरी अशा दुकानांत चालत असे. कथेची मोकळीक हिशेबाच्या वहीतून आली, हे साहित्याच्या इतिहासकारांना फारसं रुचत नाही. पण झालं तसंच. १९७७ मध्ये कॅनडात डेव्ह सिम यांनी ‘सेरेबस’ स्वतःच छापायला घेतलं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हर्नांडेझ बंधूंनी ‘लव्ह अँड रॉकेट्स’चा पहिला अंक स्वतःच काढला. त्यात हायमे हर्नांडेझ यांच्या मॅगी आणि होपी होत्या: मैत्रिणी, कधी प्रेयसी, भांडणाऱ्या, दुरावणाऱ्या आणि अंकागणिक वयाने वाढणाऱ्या. दोन स्त्रियांची मैत्री हाच कथेचा कणा होऊ शकतो, हे इथे सिद्ध झालं.

मूर आले ते या सगळ्यानंतर. व्हिडिओ-संपादकाची नोकरी करता करता त्यांनी वर्तमानपत्रांसाठी चित्रपट्ट्या करून पाहिल्या. त्या कोणी घेतल्या नाहीत. त्यातल्याच पात्रांतून फ्रॅन्सीन आणि कॅचू घडल्या. अँटार्क्टिक प्रेसने काढलेले पहिले तीन अंक बव्हंशी प्रहसन आहेत. पुढच्या वर्षी मूर यांनी स्वतःची ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्टुडिओ’ ही संस्था काढली आणि मालिकेने वळण घेतलं. कॅचूचा भूतकाळ उघडला: घरातल्या अत्याचारामुळे पळून गेलेली मुलगी, आणि बायकांना हाताशी धरून राजकारण्यांवर पकड ठेवणारी डार्सी पार्कर. गुन्हा आता पानाबाहेरून येत नव्हता, मैत्रिणीनेच तो घरात आणला होता. ज्याच्यापासून जपायचं तेच सांगता येत नाही, या पेचातून प्रेमकथेला धार आली. या पर्वाला १९९६ चं आइसनर पारितोषिक मिळालं. त्या सुमारास घाऊक वितरक एकामागून एक कोसळत होते. मूर आठ अंकांपुरते होमेज कॉमिक्सच्या छत्राखाली गेले आणि पुन्हा स्वतःच्या घरी परतले. पुढचं सारं कृष्णधवल चित्रकाम, अक्षरलेखनासकट, त्यांच्याच हातचं. मधूनच पानंच्या पानं गद्य, गाणी, कविता. लांबण लागते, टोळीचं कारस्थान नको तितकं गुंततं. पण फ्रॅन्सीनचं वजन वाढतं, कमी होतं, पुन्हा वाढतं, आणि हे चित्रात न चुकता दिसतं. मालकाच्या पात्रांवर पोट भरणाऱ्या चित्रकाराला एवढी मुभा क्वचितच मिळते.

तिसऱ्या खंडाच्या ९० व्या अंकाने २००७ मध्ये मालिका संपली. त्याच वर्षी डार्क हॉर्स प्रकाशनाने ‘इट ऱ्हाइम्स विथ लस्ट’ पुन्हा छापलं. २०१८ मध्ये, पंचविशीच्या निमित्ताने, मूर पुन्हा फ्रॅन्सीन आणि कॅचूकडे वळले, तेव्हा त्या दोघींचं लग्न झालेलं होतं आणि घरात मुली होत्या. त्यानंतर आलेली ‘पार्कर गर्ल्स’ ही मालिका मात्र नावाप्रमाणेच टोळीतल्या बायकांची आहे. मूर यांनी एकत्र आणलेले दोन प्रवाह तिथे पुन्हा वेगळे झालेले दिसतात, आणि गुन्ह्याचाच जोर अधिक आहे.