टक् आवाज येतो, पण गाडी सुरू होत नाही: 'सेल्फ'ची गोष्ट

किल्ली फिरवली, 'टक्' झालं आणि पुढे शांतता. अशा वेळी आपण म्हणतो, "गाडी सेल्फ घेत नाहीये." पण हा सेल्फ आला कुठून? पूर्ण नाव सेल्फ-स्टार्टर, म्हणजे गाडी स्वतःहून सुरू करणारा. त्याआधी ती स्वतःहून सुरू व्हायचीच नाही. कोणीतरी समोर उभं राहून लोखंडी हँडल मारायचं.

आणि ते हँडल साधं नव्हतं बरं का. ठिणगी चुकीच्या वेळी पडली की इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते यामुळेच. अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे होते. बंद पडलेली गाडी सुरू करून देताना त्यांना हँडल लागलं आणि त्यातून पुढे १९०८ मध्ये ते गेले, अशी गोष्ट सांगतात. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या ते मनाला लागलं, आणि हँडल घालवायचंच असं त्यांनी ठरवलं म्हणे.

काम गेलं ओहायोतल्या डेटन शहरात, चार्ल्स केटरिंग यांच्याकडे. लोकांचं म्हणणं असं, की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंग यांनी मात्र आधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा ड्रॉवर उघडायला ताकद लागते, पण क्षणभरच. मग छोट्या मोटरला काही सेकंद तिच्या कुवतीबाहेर राबवलं तर? तापायच्या आत काम संपतं! शिवाय इंजिन सुरू झालं की तेच यंत्र उलट बॅटरी चार्ज करणार. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तो यायला १९१९ उजाडलं. हातात जोर असलेल्यांचीच असलेली गाडी हळूहळू सगळ्यांची झाली.

आता आपल्या 'टक्'कडे येऊ. केटरिंग यांची युक्ती 'थोडा वेळ, भरपूर करंट' अशी होती, आणि आजचा बिघाडही तिथेच असतो. किल्ली फिरवली की आधी सोलेनॉइड ओढला जातो. तो मोठा स्विच जोडतो आणि मेकॅनिक ज्याला 'बेंडिक्स' म्हणतात ते दातेरी चाक इंजिनाकडे ढकलतो. (हे नाव व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन उद्योजकाचं, आपल्या गॅरेजमध्ये अजून जिवंत!) सोलेनॉइडला करंट कमी पुरतो. मोटरला मात्र छोट्या गाडीतही शंभर अँपियरच्या वर लागतो.

म्हणून "लाईट लागतायत, म्हणजे बॅटरी ठीक आहे" हे गणित चुकतं. ५५ वॉटचे दोन हेडलाईट मिळून जेमतेम ९ अँपियर घेतात. त्यामुळे डीबगिंग असं करा: हेडलाईट लावा आणि सेल्फ मारा.

भराभर टकटकटक आवाज आला आणि लाईट एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, तो परत ओढला जातो. अगदी इन्फिनिट लूप! टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर साफ करून ते घट्ट करा, मग जंप स्टार्ट.

एकच 'टक्' आला आणि लाईट तसेच झगझगीत राहिले, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे ब्रश झिजले असतील. इथे नवी बॅटरी घेऊन पैसे घालवू नका, सेल्फ उघडायला सांगा.

आणि जंप देऊन गाडी सुरू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर अल्टरनेटर चार्ज करतोय का ते तपासा. बॅटरी जुनी झाली असेल तरी असंच होतं.

तर मंडळी, मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "गाडी बंद आहे" एवढंच सांगू नका. टक् किती वेळा झालं आणि लाईटचं काय झालं, तेही सांगा. अर्धं निदान तिथेच होतं. भेटू पुढच्या भागात!