सॉर्बनमधील नीतिपाठ

सन १८८२ च्या २८ मार्च रोजीं फ्रान्समध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करणारा कायदा झाला, आणि त्याच कायद्यानें सरकारी शाळांतील 'नीति व धर्म' हा विषय जाऊन त्याच्या जागीं 'नीति व नागरिकत्व' हा विषय आला. कायद्यांत एक शब्द बदलला. पण वर्गांतल्या मास्तराच्या पायांखालची वाळूच सरकली. खोटें कां बोलूं नये, या प्रश्नाचें उत्तर आजवर धर्मपुस्तकांत तयार असे. आतां तें मास्तरानें स्वतः द्यावयाचें होतें.

शिक्षणमंत्री झ्यूल फेरी यांनीं १७ नोव्हेंबर १८८३ च्या पत्रांत शिक्षकांना एक कसोटी सांगितली. वर्गांत एखाद्या मुलाचा बाप बसला आहे असें समजावें. जें ऐकून त्याला प्रामाणिकपणें नाहीं म्हणावेंसें वाटेल, तें बोलूं नये. कसोटी शहाणपणाची खरी, पण काय टाळावें एवढेंच ती सांगते.

ही उणीव विद्यापीठांत भरून काढण्याचा प्रयत्न एमील द्यूरकेम यांनीं केला. हे एका ज्यू धर्मगुरूचे चिरंजीव, जन्म १८५८ चा. बोर्दो येथें १८८७ पासून समाजशास्त्र व अध्यापनशास्त्र शिकवून १९०२ सालीं ते पॅरिसच्या सॉर्बनमध्यें आले, आणि त्या वर्षींची त्यांची व्याख्यानमाला नीतिशिक्षणावर होती.

धर्म वजा केला कीं शुद्ध नीति शिल्लक राहते, असें मानणाऱ्यांचा भ्रम त्यांनीं प्रथम दूर केला. शतकानुशतकें दोन्ही इतकीं गुंतलेलीं आहेत कीं, एक उपटलें तर दुसऱ्याचीं मुळेंही तुटतात. नियमाविषयींचा जो पूज्यभाव देवाच्या नांवावर उभा होता, त्याला दुसरें अधिष्ठान हवें, आणि तें त्यांना समाजांत सांपडलें. शिस्त, समाजनिष्ठा आणि समजून-उमजून केलेलें नियमपालन हीं त्यांच्या मतें नीतीचीं तीन अंगें. तिसरें अंग शिक्षकाला सर्वांत जड जाणारें. नीति शिकवणें म्हणजे उपदेश करणें नव्हे, कीं घोकून घेणेंही नव्हे; नियमाचें कारण उलगडून दाखविणें होय. ज्यानें तें स्वतःशीं कधीं उलगडलें नाहीं, तो मुलांपुढें काय ठेवणार?

व्याख्यानांचा सर्वांत सकस भाग शिक्षेवरचा आहे. नियम मोडला गेला आणि कोणीं हूं कीं चूं केलें नाहीं, तर त्या नियमांत कांहीं अर्थ नव्हता असें मुलें समजतात. शिक्षा ही शिक्षकाच्या नापसंतीची खूण. यातना हा तिचा हेतु नव्हे. म्हणून मारहाणीला त्यांनीं साफ बंदी सांगितली. माणसाची प्रतिष्ठा शिकवावयाची आणि शिकवतांना तिच्यावरच हात उगारावयाचा, हें त्यांना पटेना. रागाच्या भरांत शिक्षा करूं नये हें सगळेच सांगतात. पण अगदीं थंडपणें केलेली शिक्षाही तितकीच वाईट, हें सांगणारा विरळा. द्यूरकेम यांनीं बोर्दोला जाण्यापूर्वीं शाळांत तत्त्वज्ञान शिकविलें होतें, तो अनुभव येथें दिसतो.

मग छडी आली कोठून? संस्कृति वाढत गेली तशी शाळेंतली मारहाणही वाढली, असें त्यांचें प्रतिपादन. शिक्षक व मूल यांच्यामधील अंतर त्यांनीं वसाहतींतला युरोपियन व तेथील रहिवासी यांच्यामधील अंतराशीं ताडून दाखविलें. टोकणारें कोणी जवळ नसलें म्हणजे वरचढ माणसाला सत्तेची धुंदी चढते. म्हणून शाळेचीं दारें बाहेरच्या लोकमताला उघडीं हवींत. फ्रान्स स्वतः वसाहतींचा धनी असतांना राजधानींतच हें बोललें गेलें.

पुढें १९०४ पासून माध्यमिक शिक्षक होऊं पाहणाऱ्या पदवीधरांना त्यांचा अध्यापनविषयक वर्ग सक्तीचा झाला. मुलगा १९१५ सालीं महायुद्धांत पडला, आणि १५ नोव्हेंबर १९१७ रोजीं द्यूरकेम वारले. नीतिशिक्षणावरचीं व्याख्यानें १९२५ सालीं पुस्तकरूपानें निघालीं.

त्यांच्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप झां प्याजे यांनीं १९३२ सालीं घेतला. द्यूरकेम यांचा शिक्षक धर्मगुरूच्याच आसनावर बसलेला आहे. त्याच्या तोंडचा नियम, कितीही समजावून दिला तरी, वरून खालीं येणारा. न्यायबुद्धि मात्र बरोबरीच्या सोबत्यांत वाढते. याचा पुरावा प्याजे यांनीं कोठल्याही व्याख्यानगृहांत शोधला नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ जाऊन, खेळाचे नियम कोणीं केले आणि ते बदलतां येतील काय, असें त्यांनीं त्यांनाच विचारलें.