हेडफोन-विवर्धक व परिवर्तक, सुवाह्य

अंकीय स्वरूपात साठविलेल्या संगीतापासून विद्युत् संदेश निर्माण करून तो हेडफोन चालविण्याइतका प्रबळ करणारे, खिशात मावणारे उपकरण. त्यातील परिवर्तक अंकांच्या मालिकेचे अखंड बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर करतो, तर विवर्धक त्या दाबाला पुरेशी शक्ती देतो. हे दोन्ही भाग बहुधा एकाच पेटीत असतात.

हेडफोनने ऐकण्याची प्रथा मुंबईत नभोवाणीइतकीच जुनी आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रेषकाची क्षमता अवघी १·५ किलोवॉट होती. जवळपासच्या श्रोत्यांना स्फटिक संचावर कार्यक्रम ऐकता येत. या संचात विवर्धक नसे. आकाशकाने पकडलेल्या तरंगांचीच ऊर्जा कानापर्यंत पोहोचे व ती हेडफोनपुरतीच असे. पुढे निर्वात नलिकांचे संच रुळले, तेव्हा हेडफोन मागे पडला आणि ऐकणे ही साऱ्या घराची, चाळीत तर शेजाऱ्यांचीही गोष्ट झाली.

एकट्याचे ऐकणे परतले ते सोनी कंपनीच्या वॉकमनमुळे (१९७९). अंधेरीस १९७३ पासून इलेक्ट्रॉनिकीय मालाचे निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) होते. पण तेथील माल परदेशी जाण्यासाठी होता. आयातीवर कडक निर्बंध असल्याने उपनगरांतील हौशी मंडळी आखातातून येणाऱ्या नातेवाइकांवर किंवा मनीष मार्केटवर भिस्त ठेवीत.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. तीत ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा, ६५,५३६ पायऱ्यांच्या मापाने होते. मानवी कानाची मर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्याने ती पुरेशी ठरते. १९९२ मध्ये अमेरिकेतील हेडरूम कंपनीने सुवाह्य विवर्धकांचा व्यवसाय सुरू केला. त्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी प्रसिद्ध केलेले साधे मंडल हौशी लोक पेपरमिंटच्या डबीत बसवू लागले. ९ व्होल्टची विद्युत् घटमाला, एक संकलित मंडल व मूठभर रोधक-धारित्रे एवढेच त्याचे साहित्य; ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते.

विवर्धकाची गरज साध्या हिशेबाने कळते. १ व्होल्ट दाबाने ३२ ओहमच्या हेडफोनला सु. ३१ मिलिवॉट शक्ती मिळते, तर ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३·३. कानात बसणाऱ्या लहान श्रवणकांना मात्र स्वतंत्र विवर्धक क्वचितच लागतो, विक्रेते काहीही म्हणोत. अलीकडच्या अनेक दूरध्वनींत हेडफोनचे छिद्रच नसते. ॲपल कंपनीने आयफोनमधील ते २०१६ साली काढले, त्यामुळे बोटाएवढा परिवर्तक वायरीतच सामावला.

बोरिवली, मुलुंड येथून कामावर जाणाऱ्यांचा ऐकण्याचा मुख्य वेळ प्रवासात जातो. उघड्या दारांच्या लोकल गाडीत तंबोऱ्याची जवारी खडखडाटात बुडते. तेथे १६ व २४ बिटांतील फरक शोधणे व्यर्थ होय. बाहेरचा आवाज अडविणारी कानातील घट्ट बोंडे तेथे महागड्या परिवर्तकापेक्षा अधिक उपयोगी पडतात. ती नसली की श्रोता आवाज वाढवितो, आणि प्रबळ विवर्धक त्याला तसे करू देतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढास ८० डेसिबेल आवाज आठवड्यास ४० तास चालतो. दर ३ डेसिबेल वाढीस ही मुदत निम्मी होते; म्हणजे ८९ डेसिबेलला ५ तासच उरतात. जाऊन-येऊन दोन तास ऐकणारा त्या सोमवार ते बुधवारातच संपवितो. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो (२०१४) आणि बोरिवली–चर्चगेट मार्गावर २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झालेली वातानुकूलित लोकल यांची दारे धावताना बंद असतात. त्यांतून प्रवास करणाऱ्यास तेच गाणे कमी आवाजात ऐकता येते. परंतु बहुसंख्य प्रवासी अद्याप उघड्या दारांच्या गाड्यांतूनच जातात.