पेलिकन सरायीतला ठराव
‘घरबसल्या पैसे मिळाले तर कामाला कोण जाईल?’ सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावरचा हा आक्षेप जुना आहे आणि त्याचा एक धागा इंग्लंडमधील एका सरायीपर्यंत जातो.

६ मे १७९५. फ्रान्सशी युद्ध चालू, पीक बुडालेले, पाव महागलेला. बर्कशायरमधील स्पीनहॅमलंड येथे, पेलिकन सरायीत, दंडाधिकाऱ्यांनी ठरवले : पावाच्या भावाप्रमाणे कुटुंबाला जेवढे लागेल, त्यात मजुरी कमी पडल्यास तूट स्थानिक करातून भरावी.

१८३४ साली शाही आयोगाने ठपका ठेवला, की अशा मदतीने मजूर आळशी झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने धडधाकट गरिबाला वर्कहाउसची वाट दाखवली. आयोगाने गावोगावी प्रश्नावल्या धाडल्या होत्या खऱ्या. उत्तरांची पद्धतशीर मोजदाद मात्र केली नाही! ती १९६४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मार्क ब्लॉग यांनी केली. अपुरी मजुरी हे मदतीचे कारण होते, परिणाम नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

तरीही १९६९ मध्ये निक्सन चौघांच्या कुटुंबाला वर्षाला किमान १,६०० डॉलर देऊ पाहत होते, तेव्हा सल्लागार मार्टिन अँडरसन यांनी त्यांच्यापुढे स्पीनहॅमलंडचाच दाखला ठेवला. तुलना मुळात सैल होती. स्पीनहॅमलंडची मदत मजुरी वाढताच घटे, म्हणून मालकाला कमी मजुरीत भागवण्याची मुभा मिळे. मूलभूत उत्पन्नाचे समर्थक ते सर्वांना, कमाई न पाहता द्या म्हणतात, ते याचसाठी.

निक्सन यांची योजना प्रतिनिधीगृहाने १९७० मध्ये संमत केली. सिनेटमध्ये ती अडली : काहींना ती फार उदार वाटली, तर गरिबांच्याच एका संघटनेला फार तुटपुंजी.