हिवताप-परजीवीचा कोशिकाप्रवेश
हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तकोशिकेत (पेशीत) शिरून वाढतो. आल्फाँस लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात तो रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला. कोशिकेवर डफी प्रतिजन नसल्यास प्लास्मोडियम व्हायव्हॅक्सला सहसा शिरकाव मिळत नाही, असे लुई मिलर व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखविले. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत भौतिकी शिकलेले चेतन चिटणीस व दिल्लीतील त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्लास्मोडियम फाल्सिपेरममधील संदेशक्रम उलगडला. रक्तद्रवातील अल्प पोटॅशियमामुळे परजीवीतील कॅल्शियम वाढते व चिकटणारे प्रथिन पृष्ठावर येते. ते कोशिकेवरील ग्लायकोफोरिनाशी जोडले गेले की, कॅल्शियम पूर्ववत होऊन प्रवेशासाठी लागणारी पुढील प्रथिने स्रवतात. ही साखळी तोडल्यास प्रवेशच रोखता येईल. म्हणून लस व औषध यांच्या संशोधनात तिला महत्त्व आहे.