फुकट आणि मुक्त

आज थोडा इतिहास.

आमचे काका नव्वदच्या दशकात शारजाला होते. दर शुक्रवारी त्यांचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा. आजी धावत जायची आणि "जेवलास का?" विचारेपर्यंत बोलणं आवरतं घ्यायची वेळ व्हायची. मिनिटाला किती दिरहॅम पडतात हे काकांनी कधीच सांगितलं नाही.

गंमत म्हणजे भारत आणि अमिरात एकाच वर्षी इंटरनेटवर आले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सेवा सुरू केली, इकडे त्याच वर्षी एतिसलातने. दोन्हीकडे दुकान एकच! आणि परदेशी फोनची कमाईही त्याच दुकानाची.

तिकडे तंत्रज्ञान थांबलं नव्हतं. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवायचे, एवढीच खरी युक्ती. कॉल जोडण्याचा एसआयपी हा खुला नियम १९९९ मध्ये आला. त्याच वर्षी मार्क स्पेन्सरने 'अ‍ॅस्टरिस्क' नावाचं टेलिफोन एक्स्चेंजच मुक्त सॉफ्टवेअर म्हणून लिहायला घेतलं. जुना पीसी असला की झालं एक्स्चेंज!

आता या आवाजाचं काय करायचं? भारताने १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी बोलायला परवानगी दिली. अमिरातीने ठरवलं की ही सेवा फक्त परवानाधारक कंपन्याच देतील. दुसरी कंपनी 'डू' आली, २००७ मध्ये तिची मोबाइल सेवा सुरू झाली, पण हा नियम राहिला. २०१८ मध्ये मासिक पैसे भरून वापरायची 'बोटिम'सारखी अ‍ॅप्स आली. २०२० च्या साथीत झूम, टीम्स यांना वाट मिळाली, कारण शाळा आणि ऑफिसं अडली होती.

पीएचडी करताना मी युरोपातून आईशी लिनक्सवरच्या एका छोट्या प्रोग्रामने तासन्‌तास बोलायचो. इथे तोच लॅपटॉप घेऊन आलो. प्रोग्रामची एक ओळही बदलली नव्हती, पण कॉल लागेना.

रिचर्ड स्टॉलमनला इंग्रजीत आयुष्यभर समजवावं लागलं की 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे. मराठीत ती अडचण नाही, आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. पण माझ्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम फुकटही होता आणि मुक्तही, तरी मुका होता. सोर्स कोड हातात असला तरी तार दुसऱ्याच्या हातात असते.

मला पगार बरा आहे, पॅकेज घेतलं, प्रश्न सुटला. पण दुबईच्या सोनापूरमध्ये एका खोलीत कितीतरी बंकबेड असतात. तिथला माणूस घरी पाठवायच्या पैशांतून बोलण्याचे पैसे वजा करतो.

काकांना परवा विचारलंच, मिनिटाला किती पडायचे? हसले आणि म्हणाले, "मोजले असते तर फोन केला असता का?"

असो.